साक्षीदार नसलेले भूत

हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीपाशी बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगायच्या, ही इंग्लंडमधली जुनी चाल. शेक्सपिअरच्या काळी ती इतकी रुळलेली होती की सुमारे १६१०-११ मधल्या त्याच्या एका नाटकाचे नावच 'द विंटर्स टेल' आहे. त्या नाटकात मॅमिलियस नावाचा लहानगा राजपुत्र आईला गोष्ट सांगायला बसतो. हिवाळ्यात दुःखाची गोष्टच बरी, आणि आपल्याला भुतांची एक येते, असे त्याचे म्हणणे. चर्चच्या दफनभूमीलगत राहणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट. पण जवळच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो ती आईच्या कानात सांगू लागतो. तेवढ्यात संशयाने पेटलेला राजा आत येतो आणि मुलाला आईपासून तोडतो. प्रेक्षकांच्या पदरात गोष्टीची सुरुवात तेवढी पडते. गंमत अशी की राजाचा संशयही निव्वळ मनातला आहे. राणीच्या बेइमानीचा जो पुरावा त्याला पावलोपावली दिसतो, तो दरबारात दुसऱ्या कोणालाच दिसत नाही.

घरात खरोखर काही आहे की ते पाहणाऱ्याच्या मनात आहे, याचा निवाडा शेवटपर्यंत न देणारी, मंद आचेवर शिजत जाणारी भयकथा हे या चालीला उशिरा आलेले फळ. तिचे मूळ बहुधा मानसशास्त्राच्या वाढीत शोधले जाते. ते अर्धेच खरे आहे. ही कथा घडली ती नियतकालिकांच्या धंद्यात, डिसेंबरच्या अंकाची पाने भरता भरता. तिची सारी कारागिरी एका व्यावहारिक प्रश्नाभोवती फिरते: भूत किती जणांनी पाहिले? दीडशे-दोनशे वर्षांत साक्षीदारांची ही संख्या घटत घटत एकावर आली, आणि मग त्या एकावरचाही विश्वास उडाला.

होरेस वॉल्पोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून (१७६४) इंग्रजी भयकादंबरीची सुरुवात धरतात. तिच्यात एक अवाढव्य शिरस्त्राण आकाशातून कोसळते आणि वाड्याचा वारस त्याखाली चिरडतो. वाड्यातल्या झाडून साऱ्या माणसांना ते दिसते. शंकेला जागाच नाही. तीस वर्षांनी ॲन रॅडक्लिफने दुसरे टोक गाठले. 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो'मध्ये (१७९४) काळ्या पडद्याआड काय पाहून नायिका बेशुद्ध पडली, हे वाचकाला शेकडो पाने कळत नाही, आणि अखेर तिथे मेणाची आकृती होती एवढेच निष्पन्न होते. इतकी वाट पाहायला लावून हातावर मेणाची बाहुली ठेवली, याचा राग आजच्या वाचकालाही येतो. मात्र याच रॅडक्लिफने एक फरक नेमका हेरला होता. तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापलेल्या लेखात तिने धास्ती आणि भीषणता वेगळ्या काढल्या. धास्तीने मन ताणले जाते, सावध होते. भीषण गोष्ट उघडी समोर आली की ते आकसते, गोठते. धास्तीला धूसरपणा लागतो. तत्त्व तिला सापडले होते, पण ते कथेत शेवटपर्यंत टिकवणे तिला जमले नाही.

ते जमायला बाजार उभा राहावा लागला. चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले. नाताळ आणि भूत यांची गाठ काही डिकन्सने मारली नाही. शेकोटीची चाल होतीच. त्याने ती छापखान्यात आणली. १८५० मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' आणि १८५९ मध्ये 'ऑल द इयर राउंड' ही साप्ताहिके त्याने सुरू केली आणि दोन्हींचे नाताळचे खास अंक काढले. बर्फात अडकलेले प्रवासी, झपाटलेले घर, रेल्वेचे जंक्शन अशा एखाद्या सूत्रात वेगवेगळ्या लेखकांच्या कथा ओवायच्या, अशी या अंकांची घडण असे. त्यांचा खप लाखांवर जाई. वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक-कर १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये उठला, तसे नियतकालिकांचे पेव फुटले आणि डिसेंबरात भुताची गोष्ट ही संपादकांची ठरलेली मागणी झाली. ती पुरवण्यात बायका पुढे होत्या. रोडा ब्रॉटन, शार्लट रिडेल, मार्गारेट ऑलिफंट या लेखणीवर जगणाऱ्या लेखिकांना भुतांनी हातभार लावला. 'द फँटम कोच' (१८६४) लिहिणारी अमेलिया एडवर्ड्‌स तर पुढे इजिप्तच्या पुराणवस्तूंकडे वळली आणि १८८२ मध्ये तिथल्या उत्खननासाठी निधी उभारणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत तिचा वाटा राहिला.

मराठी वाचकाला हा धंदा परका वाटायचे कारण नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर. सणाच्या फराळाबरोबर वाचायचा जाड अंक ही कल्पना तिकडून आली. आणि पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकाने, नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी त्या अंकांत भुतालाही हक्काची जागा मिळवून दिली.

डिकन्सच्या नाताळ अंकांच्या कामकाजातच साक्षीदारांचा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे वादाला आला. १८५२ च्या अंकासाठी एलिझाबेथ गॅस्केलने 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' लिहिली. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात आलेल्या पोरक्या मुलीला बर्फात उभी असलेली दुसरी लहान मुलगी हाका मारते. शेवटी वाड्यातला जुना गुन्हा भुतांच्या रूपाने दिवाणखान्यात पुन्हा घडतो आणि तो सगळ्यांना दिसतो. डिकन्सला हा शेवट पसंत नव्हता. आवाज सगळ्यांना येऊ द्यावेत, पण आकृत्या फक्त त्या मुलीला दिसाव्यात, असा आग्रह त्याने पत्रांतून धरला. गॅस्केल बधली नाही आणि कथा तिच्या मनासारखीच छापली गेली. तिच्या कथेच्या दृष्टीने ती बरोबर होती: अन्याय सर्वांदेखत उघडा पडणे हाच तिचा मुद्दा होता. पण पुढची वाट डिकन्सला दिसली होती.

चौदा वर्षांनी तो स्वतः त्या वाटेने गेला. मधल्या काळात रेल्वेने त्याला धडा दिला होता. ९ जून १८६५ रोजी केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ डिकन्स बसलेली गाडी पुलावरून घसरली. दहा माणसे दगावली. तो तासन्‌तास जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजत फिरला, लटकलेल्या डब्यात पुन्हा शिरून कादंबरीचे हस्तलिखित घेऊन आला, आणि नंतर आयुष्यभर गाडीत बसताना कापत राहिला. त्याआधी १८६१ मध्ये क्लेटनच्या बोगद्यात, इशाऱ्यांच्या गोंधळातून दोन गाड्यांची टक्कर होऊन तेवीस जण मेले होते. १८६६ च्या नाताळ अंकातली 'द सिग्नल-मॅन' ही कथा या दोन्ही घटनांच्या सावलीत वाचावी लागते.

खोल, ओलसर खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलवाल्याची चौकी आहे. वरून एक प्रवासी त्याला हाक मारतो, तर तो वर पाहायचे सोडून बोगद्याकडे पाहतो. हळूहळू कळते ते असे: लाल दिव्यापाशी एक आकृती त्याला दोनदा दिसली आहे, पहिल्यांदा डाव्या हाताने तोंड झाकून उजवा हात हलवताना. पहिल्या वेळी काही तासांतच अपघात झाला. दुसऱ्या वेळी चालत्या गाडीत एका तरुणीचा जीव गेला. आता ती पुन्हा दिसू लागली आहे. प्रवासी शहाण्या माणसासारखा विचार करतो: डोळ्यांच्या नसांचा विकार असेल, चांगल्या डॉक्टरला दाखवू. पण हा सिग्नलवाला भ्रमिष्ट नाही. तो काटेकोर आहे, शिकलेला आहे, आणि इशारा ओळखणे हीच त्याची नोकरी आहे. त्याची तडफड भुताच्या भीतीची नाहीच. धोक्याचा इशारा मिळाला आहे. तारयंत्र समोर आहे. पण वरच्या स्टेशनला कळवायचे काय? कुठला धोका, कुठे, हे विचारले तर उत्तर नाही. नोकरी जाईल आणि माणसेही मरतील. शेवटी इंजिनाखाली सापडतो तो स्वतःच. ड्रायव्हरने त्याला सावध करायला जे शब्द उच्चारले आणि जो हात डोळ्यांवर धरला, ते सारे त्या आकृतीचेच होते. निवेदक हा योगायोग नोंदवतो आणि थांबतो. डिकन्सच्या लेखणीला थांबणे फारसे ठाऊक नव्हते. इथे ते साधले आहे. पुढच्याच वर्षीच्या अंकानंतर त्याने नाताळ अंक बंद केले, आणि १८७० मध्ये, स्टेपलहर्स्टच्या अपघाताच्या तारखेलाच, ९ जूनला, तो वारला.

डब्लिनच्या शेरिडन ले फानूने साक्षीदार आणखी एकाकी केला. त्याची 'ग्रीन टी' ही कथा १८६९ मध्ये डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. जेनिंग्ज हा पाद्री रात्री जागून प्राचीन धर्मांवर ग्रंथ लिहितो आणि झोप येऊ नये म्हणून हिरवा चहा पितो. एका संध्याकाळी घोड्यांच्या बसमध्ये समोरच्या अंधारात त्याला दोन लाल ठिपके दिसतात: काळ्या माकडाचे डोळे. माकड त्याच्यामागे घरी येते आणि वर्षानुवर्षे सोबत राहते. प्रवचनाच्या वेळी उघड्या पुस्तकावर बसून अक्षरे झाकते. पुढे बोलू लागते. पाद्री अखेर स्वतःचा गळा कापतो. हे सारे सांगतो तो डॉक्टर हेसेलियस. चहाने अंतर्दृष्टीची नस उघडली, असे त्याचे निदान. आपण इतके रोगी बरे केले, या रोग्यावर तर आपण उपचार सुरूच केले नव्हते, अशी सारवासारवही तो शेवटी करतो. भूत खरे मानावे तर चहाचे काय, आणि चहाचा दोष मानावा तर माकडाचे बोलणे कुठून आले, या कात्रीत वाचक सापडतो. शिवाय निदान करणाराच आपली कातडी वाचवतो आहे, हे दिसत असते. पाहणाऱ्यावर शंका होतीच. ले फानूने ती सांगणाऱ्यावरही नेली. ही कथा १८७२ च्या 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात आली. पुढच्याच वर्षी ले फानू वारला.

एव्हाना नाताळच्या भुताचे हसे होऊ लागले होते. जेरोम के. जेरोमने १८९१ मध्ये 'टोल्ड आफ्टर सपर' या पुस्तकात या चालीची यथेच्छ टिंगल केली. दुसरीकडे भुताची चौकशी शास्त्रीय थाटात सुरू झाली होती. १८८२ मध्ये लंडनला 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. केंब्रिजचा तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचा पहिला अध्यक्ष. या मंडळींनी मृत्युसमयी दिसलेल्या आकृत्यांच्या शेकडो हकिकती जमवून १८८६ मध्ये दोन खंड काढले. नंतर त्यांनी सतरा हजार लोकांना एकच प्रश्न विचारला: पूर्ण जागे असताना, बाह्य कारण नसताना, काही दिसले, ऐकू आले वा स्पर्श जाणवला काय? १८९४ च्या अहवालानुसार जवळपास दहात एकाने होय म्हटले. या हकिकतींतली भुते जुन्या कादंबऱ्यांतल्या भुतांसारखी साखळ्या खुळखुळवत नव्हती. ती जिन्यावर उभी राहत, खिडकीशी दिसत, काही न बोलता नाहीशी होत. साक्षीदार मात्र प्रतिष्ठित आणि नेमके बोलणारे असत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स या संस्थेचा पुढे अध्यक्ष झाला; १८९० मध्ये त्याचा एका माध्यम-स्त्रीविषयीचा निबंध लंडनच्या बैठकीत वाचून दाखवला तो त्याच्या धाकट्या भावाने, कादंबरीकार हेन्री जेम्सने.

हेन्री जेम्सकडे येण्याआधी अमेरिकेतल्या एका कथेचा उल्लेख हवा. शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' जानेवारी १८९२ मध्ये छापली गेली. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीसाठी भाड्याच्या वाड्यात, गज लावलेल्या खोलीत ठेवतो. लिहायची बंदी, भेटीगाठींना मनाई. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक बाई रांगताना दिसू लागते. असली 'विश्रांती' गिलमनने सायलस वीर मिचेल या नामांकित डॉक्टरकडून स्वतः भोगली होती. इथे साक्षीदार एकच आहे, तीच कथाही लिहिते आहे, आणि तिचे ऐकायचे नाही हा घरातला नियमच आहे. ही कथा दीर्घकाळ भयकथा म्हणूनच वाचली गेली. १९७३ मध्ये ती स्वतंत्र पुस्तकरूपाने पुन्हा निघाली तेव्हा तिच्यातला संताप लोकांच्या नजरेत भरला.

५ जानेवारी १८९५ रोजी लंडनमध्ये हेन्री जेम्सचे 'गाय डॉमव्हिल' हे नाटक पडले. पडद्यापुढे आलेल्या लेखकाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पाचच दिवसांनी तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे, एडवर्ड बेन्सनकडे, चहाला गेला. तिथे बेन्सनने त्याला एक अर्धवट आठवणारी हकिकत सांगितली: आडगावच्या वाड्यात नोकरांच्या हाती सोपवलेली मुले, बिघडलेले नोकर, त्यांचे मरण, आणि मेल्यावरही मुलांना ओढायला येणे. १२ जानेवारीला जेम्सने ती वहीत टिपली. आर्चबिशपच्या मुलांना वडिलांनी अशी काही गोष्ट सांगितल्याचे आठवत नव्हते. म्हणजे या कथेच्या उगमालाही साक्षीदार एकच.

'द टर्न ऑफ द स्क्रू' १८९७ मध्ये लिहून झाली. मनगट दुखत असल्याने जेम्स ती मजकूर सांगून टंकलेखकाकडून उतरवून घेत असे. विल्यम मॅकअल्पाइन हा स्कॉटिश टंकलेखक अंगावर काटा येणारी वाक्येही मख्ख चेहऱ्याने बडवत बसे, अशी आठवण जेम्सनेच सांगितली. न्यूयॉर्कच्या 'कॉलिअर्स वीकली'त कथा २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ या काळात बारा हप्त्यांत आली. तिची सुरुवात नाताळच्या आदल्या रात्री, जुन्या घरातल्या शेकोटीभोवती होते. म्हणजे चाल नाताळ अंकाची, पण अंक मात्र वसंताकडे झुकलेले. एच. जी. वेल्सला लिहिलेल्या पत्रात जेम्सने या कथेला पोटापाण्यासाठी केलेले काम म्हणून झटकून टाकले. त्याचे ते म्हणणे कोणी फारसे मनावर घेतलेले नाही, आणि घेऊही नये.

कथेची बांधणी वकिलाने कागदपत्रे रचावीत तशी आहे. एक निवेदक सांगतो की डग्लस नावाच्या गृहस्थाने एक हस्तलिखित वाचून दाखवले. हस्तलिखित त्याच्या बहिणीच्या गव्हर्नेसचे, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईचे. तिला जाऊन वीस वर्षे झाली. आणि वाचकापुढे येते ती निवेदकाने केलेली नक्कल. उलटतपासणीला एकही माणूस हजर नाही.

गव्हर्नेसची निवडही विचारपूर्वक आहे. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये अशा सुमारे पंचवीस हजार बायका होत्या. पाद्र्यांच्या, पडत्या काळातल्या मध्यमवर्गीयांच्या या मुली घरच्यांच्या पंगतीत बसत नसत आणि नोकरांच्याही नाही. मनातले बोलायला बरोबरीचे माणूसच नाही. एसेक्समधल्या ब्लाय नावाच्या वाड्यावर आलेल्या या वीस वर्षांच्या मुलीला तर मालकाची अट आहे: काहीही झाले तरी आपल्याला कळवायचे नाही. तिच्या हाती दहा वर्षांचा माइल्स आणि आठ वर्षांची फ्लोरा. माइल्सला शाळेने काढून टाकले आहे. कारण पत्रात नाही, आणि कथेतही ते कधी स्पष्ट होत नाही.

पहिला अनुभव संध्याकाळचा. ती बागेत फिरताना, मालक अवचित भेटला तर किती छान, असा विचार करते. मान वर करते तर मनोऱ्यावर कोणीतरी उभे. पण ते मालक नव्हेत. दुसऱ्या वेळी तोच माणूस जेवणघराच्या खिडकीबाहेर दिसतो. ती धावत बाहेर जाते, कोणी नाही. मग तो उभा होता नेमक्या त्याच जागी ती उभी राहते आणि काचेतून आत पाहते. त्याच क्षणी आत आलेली कारभारीण मिसेस ग्रोस तो चेहरा पाहून पांढरीफटक पडते. एवढ्या एका प्रसंगात सगळी कथा आहे. खिडकीतले भूत या क्षणी गव्हर्नेस स्वतःच झाली आहे, आणि तिला त्याचा पत्ता नाही. यानंतर ती त्या माणसाचे वर्णन करते: टोपी नाही, केस लाल, अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत असे. मिसेस ग्रोस ओळखते: मालकाचा मेलेला नोकर, पीटर क्विंट. पुढे तळ्याकाठी मिस जेसेल, म्हणजे आधीची मृत गव्हर्नेस, दिसते. पण मिसेस ग्रोसला तिथे बोट दाखवूनही काही दिसत नाही आणि फ्लोरा तर गव्हर्नेसलाच घाबरते. अखेर माइल्स तिच्या मिठीत प्राण सोडतो. भुताने त्याला सोडले म्हणून, की तिने घट्ट आवळले म्हणून, हे कळत नाही. कथा शेकोटीपाशी परत येतच नाही.

या शंकेचे बळ तिच्या समतोलात आहे. प्रत्येक पुराव्याला दुसरा पुरावा तोलून धरतो: मिसेस ग्रोसने क्विंटला ओळखणे भुताच्या बाजूने, तळ्याकाठचा प्रसंग विरुद्ध. कोणत्याही एका पारड्यात एक गुंज जास्त पडली असती तर कथा एकतर वॉल्पोलकडे गेली असती किंवा रॅडक्लिफकडे. १९०८ मध्ये आपल्या समग्र आवृत्तीच्या प्रस्तावनेत जेम्सने आणखी एक हिशेब उलगडला. सायकिकल रिसर्चच्या संस्थेने दप्तरात नोंदवलेली भुते त्याला निरुपयोगी वाटली, कारण ती काही करत नाहीत. आणि दुष्टपणाचा तपशील लेखकाने पुरवू नये. वाचकाला पुरेसे हलवले की तो आपल्या पदरचा घालतो. आजही क्विंटने मुलांचे नेमके काय केले याचे उत्तर वाचक देतो ते स्वतःच्या मनातले.

पहिल्या वाचकांनी भुते खरीच मानली. त्यांची तक्रार होती ती एवढी अमंगळ गोष्ट लिहावी का, ही. एडना केंटनने १९२४ मध्ये गव्हर्नेसवर संशय घेतला, आणि १९३४ मध्ये एडमंड विल्सनने फ्रॉइडच्या आधाराने तिला दडपलेल्या वासनांची रोगी ठरवले. तेव्हापासून समीक्षकांत दोन तट पडले. रॉबर्ट हाइलमनने १९४७ मध्ये विल्सनवर जोरदार हल्ला चढवला. न पाहिलेल्या मृत माणसाचे हुबेहूब वर्णन तिने केले कसे, हा प्रश्न विल्सनला जड गेला आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याने आपली भूमिका वेळोवेळी सैल-घट्ट केली. १९७० मध्ये त्झ्वेतान तोदोरोव्हने फ्रेंचमधून मांडले की अद्भुत साहित्याचे लक्षणच हे: नैसर्गिक कारण की अतिनैसर्गिक, या दोहोंत वाचकाचे अडखळणे. अडखळणे संपले की तो प्रकारही संपतो. ही व्याख्या फार चोख आहे. बहुतेक कथा तिच्यात शेवटच्या पानापर्यंत टिकत नाहीत. जेम्सची टिकते.

पानावरची ही शंका रंगमंचावर आणि पडद्यावर नेताना मात्र पंचाईत होते. बेंजामिन ब्रिटनचा याच नावाचा ऑपेरा १४ सप्टेंबर १९५४ रोजी व्हेनिसमध्ये झाला. ऑपेरात पात्राला गावे लागते. क्विंट गायला लागला की तो आहेच. चित्रपटाने यावर तोड काढली. जॅक क्लेटनच्या 'द इनोसंट्स'मध्ये (१९६१) गव्हर्नेस झालेल्या डेबोरा केरचा चेहरा आधी दिसतो आणि तिला दिसलेले नंतर, त्यामुळे प्रेक्षक तिच्याच डोळ्यांनी पाहत राहतो. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने रुंद चौकटीच्या दोन्ही कडा रंगवलेल्या काचांनी काळवंडून टाकल्या. दिवाणखाना उजळ असला तरी कोपरे अंधारात. मिस जेसेल जिथे बसलेली दिसली तिथल्या पाटीवर एक अश्रू उरतो, केर तो बोटाने टिपते. चित्रपटातला वस्तुरूप पुरावा तेवढाच, आणि तोही तिच्याच बोटावर.

शर्ली जॅक्सनने 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'मध्ये (१९५९) उलटा डाव टाकला. घरातले आवाज, दारावरचे धक्के इथे चौघेही ऐकतात, साक्षीदार भरपूर. शंका आहे ती कर्त्याविषयी. आईच्या शुश्रूषेत उमेदीची वर्षे घालवलेली एलिनर घराकडून ओढली जाते आहे, की तिच्याच मनातली ओढ घर हलवते आहे? अंधारात ती घाबरून मैत्रिणीचा हात घट्ट धरून ठेवते. दिवा लागतो तर मैत्रीण पलीकडच्या पलंगावर. रॉबर्ट वाइजने १९६३ मध्ये त्यावर केलेल्या 'द हाँटिंग' या चित्रपटात एकही भूत दिसत नाही. बंद दार श्वास घेतल्यासारखे फुगते, इतकेच.

शेकोटीची मूळ चाल हेन्री जेम्सच्या काळातही केंब्रिजमध्ये जिवंत राहिली होती. मध्ययुगीन हस्तलिखितांचा थोर अभ्यासक एम. आर. जेम्स याने (हेन्रीशी त्याचे नाते नाही) २८ ऑक्टोबर १८९३ रोजी मित्रमंडळापुढे आपल्या पहिल्या दोन कथा वाचल्या. पुढे किंग्ज कॉलेजमधल्या त्याच्या खोलीत नाताळच्या आदल्या रात्री तो मेणबत्त्या विझवून, एकच ठेवून, नवी कथा वाची; पहिला संग्रह १९०४ चा. कथेत नैसर्गिक कारणाला फट असावी, पण तिच्यातून निसटता येऊ नये इतकी ती अरुंद असावी, असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात त्याची भुते पक्की आहेत. केसाळ, ओली, हाताला लागणारी. मंद आच त्याला उत्तम साधली, शंका त्याच्या स्वभावात नव्हती. जोनाथन मिलरने १९६८ मध्ये बीबीसीसाठी त्याच्या कथेवरून 'व्हिसल अँड आय विल कम टू यू' हा चित्रपट केला तेव्हा शंका त्यात बाहेरून घातली: मायकेल हॉर्डर्नचा एकटा, पुटपुटणारा प्राध्यापक भुताइतकाच स्वतःच्या मनाने मोडतो. त्या यशातून १९७१ पासून बीबीसीवर नाताळची भूतकथा ही मालिका सुरू झाली, आणि १९७६ मध्ये तिने डिकन्सचा सिग्नलवालाही पडद्यावर आणला.

मॅमिलियसची अर्धी राहिलेली गोष्ट १९२४ मध्ये याच एम. आर. जेम्सने पुरी केली. ती आता सगळ्यांना ऐकता येते. थडग्यातली पैशांची थैली चोरणाऱ्याच्या घरी रात्री थडग्यातली म्हातारी खरोखर चालत येते. त्याच्या चांगल्या कथांत ती धरली जात नाही.